आपल्या चौकात पुन्हा जीव जाऊ नये म्हणून : एका रस्त्याचा पाठपुरावा कसा करायचा

अपघातानंतर पोलिसांनी डांबरावर खडूने आखलेल्या रेषा दोन दिवस टिकतात, मग टायरखाली पुसून जातात. आमच्या कोपऱ्यावरच्या रेषा मी तिसऱ्या दिवशी शोधल्या, तेव्हा चपलेभोवती काढलेल्या गोलाचा एक तुकडा तेवढा उरला होता, दुभाजकाच्या फटीला लागून. गेलेल्या काकू कित्येक वर्षं त्याच फटीतून समोरच्या डेअरीत दूध आणायला जायच्या. सोसायटीत सगळे हळहळले. कुणी म्हणालं, वेळच आली होती. कुणी म्हणालं, झेब्रावरून जायला हवं होतं. सगळ्यात जवळचा झेब्रा तिथून चारशे पावलांवर आहे, मी मोजली. म्हणजे समोर पोचायलाच आठशे, दूध घेऊन परत यायला आणखी आठशे. गुडघे धरलेली बाई अर्ध्या लिटर दुधासाठी रोज पहाटे सोळाशे पावलं जास्तीची चालणार नाही, हे रस्ता आखणाऱ्याला आधीच कळायला हवं होतं.

मी पुण्याच्या उपनगरात राहतो. त्या सकाळनंतर आम्ही चार-पाच शेजाऱ्यांनी त्या एकाच चौकाचा पाठपुरावा केला. त्यात काय चुकलं, काय जमलं, कोणता कागद कुठे लागतो, ते सगळं इथे लिहितो आहे. तुमचं शहर नाशिक असो, कोल्हापूर असो की नागपूर, खात्यांची नावं थोडी बदलतील, पद्धत हीच चालेल.

आधी थोडे आकडे. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. दिवसाला साडेचारशेहून जास्त. त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रातली, म्हणजे आपल्या राज्यात रोज एकेचाळीस घरं. देशातल्या मृतांपैकी जवळजवळ ४४ टक्के दुचाकीवरचे होते आणि १९ टक्क्यांहून जास्त पायी चालणारे. पुण्यातल्या नवले पुलाजवळ नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनाने कित्येक गाड्यांना धडक दिली, तेव्हा सगळा महाराष्ट्र तो व्हिडिओ बघत होता. पण वस्तीतले मृत्यू एकेकटे येतात. आतल्या पानावर चार ओळी छापून येतात आणि विसरले जातात. एका चौकात तीन वर्षांत चार माणसं गेली, हे कुणी एकत्र मांडलंच नाही तर कुणाला कळतही नाही. म्हणून पहिलं काम मांडणीचं.

अपघात घडला त्या दिवशी

१०८ ला फोन करा, ११२ ला फोन करा आणि जखमीला हात लावायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय अडकवून ठेवू शकत नाही. नाव सांगायचं की नाही, हेसुद्धा तुमच्या मर्जीवर आहे. मे २०२५ पासून केंद्र सरकारची रोकडरहित उपचाराची योजना लागू आहे. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात पैसे न भरता मिळायला हवेत. हे दोन-तीन मुद्दे लिहून सोसायटीच्या फलकावर आजच लावून ठेवा. त्या गडबडीत कुणाला काही आठवत नाही.

पुढचं काम कुणी करत नाही, आणि नंतर त्याचाच सगळ्यात जास्त पश्चात्ताप होतो. दुकानांच्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण थोड्या दिवसांत आपोआप पुसलं जातं. त्याच दिवशी दुकानदाराला भेटून ते जपून ठेवायला सांगा आणि तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला तसं लेखी कळवा. रस्त्याचे फोटोही त्याच दिवशी काढा, तेही अपघाताच्या वेळेलाच. पहाटे सहाला दिवा बंद होता का? झेब्राचे पट्टे दिसत होते का? खड्डा होता का, चेंबरचं झाकण खचलेलं होतं का? कोपऱ्यावर टेम्पो उभा होता का? पंचनाम्यात गाडीचा नंबर येतो, टायरच्या खुणा येतात, पण रस्त्याची अवस्था बऱ्याचदा येत नाही. ती यावी म्हणून पंच किंवा साक्षीदार म्हणून उभे राहा आणि तोंडाने सांगा : ‘साहेब, दिवा बंद आहे, हेही लिहा.’ त्या एका ओळीला पुढे फार किंमत येते. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू झाला, तर कलम १९८-अ खाली जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम तुटपुंजी आहे, पण जबाबदारी कागदावर येते.

कुटुंबाला हेही सांगा. अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा अर्ज करायला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून वर्षश्राद्धाची वाट बघत बसू नये. पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला कळवायचा असतो. धडक देऊन वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये केंद्राच्या योजनेतून मिळतात, त्याचा अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयाकडे जातो. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे जीव गेला, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२५ च्या आदेशानुसार वारसांना सहा लाख रुपये द्यायचे आहेत, जखमींना दुखापतीप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख. दुःखात बुडालेल्या घराकडून हे होत नाही. शेजाऱ्यानेच फाईल घेऊन सोबत जावं.

एकच जागा धरा

आमची पहिली चूक ही की आम्ही ‘परिसरातील वाहतूक समस्या’ या विषयाचं तीन पानी निवेदन दिलं. त्यात खड्डे होते, कचरा होता, रिक्षावाले होते, भटकी कुत्रीसुद्धा होती. ते निवेदन चार खात्यांत फिरलं आणि प्रत्येक खात्याने ‘आपल्या विभागाशी संबंधित नाही’ असं कळवून ते पुढे ढकललं. दुसऱ्या वेळी आम्ही फक्त एक चौक आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दीडशे मीटर एवढंच धरलं. तेव्हा कुठे उत्तर देणारा माणूस सापडला.

कोणती जागा धरायची, हे माहितीवरून ठरवा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज स्थानिक पोलीस ठाण्याच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. आम्ही वापरलेला मजकूर असा :

‘आपल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतील अमुक चौक ते अमुक चौक या रस्त्यावर मागील तीन कॅलेंडर वर्षांत नोंद झालेल्या सर्व रस्ते अपघातांची पुढील माहिती मिळावी : तारीख, वेळ, नेमके ठिकाण, वाहनांचा प्रकार, मृत अथवा जखमी व्यक्ती पादचारी होती की वाहनावर, गुन्हा नोंद क्रमांक. व्यक्तींची नावे व पत्ते नकोत.’

शेवटचं वाक्य जरूर लिहा. त्यामुळे खासगी माहितीचं कारण दाखवून अर्ज फेटाळता येत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा.

उत्तर हाती आलं की मोठा कागद पसरून रस्ता हाताने काढा आणि प्रत्येक अपघाताला एक ठिपका द्या. मृत्यूला लाल. बाजूला वेळ लिहा. आमच्या कागदावर ठिपके सगळ्या रस्त्यावर विखुरले नव्हते. दोनच जागी गोळा झाले होते : दुभाजकाची फट, आणि बसथांब्याच्या पुढची गल्ली. वेळाही दोनच, पहाटे पाच ते सात आणि रात्री नऊनंतर. म्हणजे रस्ता रिकामा असताना. कोंडीत माणूस वैतागतो, पण मरतो तो मोकळ्या रस्त्यावर. आम्ही इतके दिवस कोंडीबद्दल तक्रारी करत होतो.

‘तुमचा चौक ब्लॅक स्पॉटच्या यादीत नाही,’ हे उत्तर तुम्हाला मिळणारच. केंद्रीय रस्ते मंत्रालयाची व्याख्या राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे : साधारण पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. पैसा आधी कुठे लावायचा हे ठरवण्यासाठीची ती मोजपट्टी आहे. पाचाच्या आत आहात म्हणून काही करायचं नाही, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. हे शांतपणे, पण लेखी सांगा.

फूटपट्टी, टेप आणि घड्याळ घेऊन रस्त्यावर

या लेखातला एकच भाग करणार असाल तर हा करा. एका रविवारची सकाळ आणि कामाच्या दिवसाची एक रात्र पुरते.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. रस्त्याच्या कडेला टेपने पन्नास मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना फुटपाथवर खडूने खूण करा. गाडीचं पुढचं चाक पहिल्या खुणेवर आलं की मोबाईलचं स्टॉपवॉच सुरू, दुसऱ्या खुणेवर बंद. १८० ला सेकंदांनी भागा, की ताशी किलोमीटर मिळाले. सहा सेकंद म्हणजे ३०. साडेचार सेकंद म्हणजे ४०. तीन सेकंद म्हणजे ६०. शंभर गाड्या मोजा, चढत्या क्रमाने लावा आणि पंच्याऐंशीव्या गाडीचा वेग लिहून ठेवा. वाहतूक अभियंते याच आकड्यावरून बोलतात, त्यामुळे तो पुढे टाकला की समोरचा माणूस तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. कडेला उभं राहताना रस्त्यावर उतरू नका, आणि रात्री चमकदार पट्ट्यांचं जाकीट घाला.

वेगावर इतका भर का, ते हिशेबाने बघा. ताशी ५० ने जाणाऱ्या चालकाला समोर माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, तेवढ्यात गाडी जवळजवळ चौदा मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी चौदा. एकूण अठ्ठावीस मीटर. ताशी ३० ला हेच सगळं तेरा-चौदा मीटरमध्ये उरकतं. याचा अर्थ असा की ३० ची गाडी काकूंच्या अलीकडे थांबली असती, त्या जागी ५० च्या चालकाचा पाय अजून ब्रेकवर पोचतोय. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्के वाढतो, आणि मोटारीची धडक ५० ऐवजी ६५ च्या वेगाने बसली तर पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता साडेचार पट होते.

वेगानंतर फुटपाथ. भारतीय रस्ते परिषदेच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच अशी विनाअडथळा जागा हवी. कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आमच्या फुटपाथची रुंदी कागदावर दोन मीटर होती. विजेची डीपी, होर्डिंगचा खांब आणि उभ्या दुचाक्या वजा केल्यावर टेपवर पंचावन्न सेंटिमीटर उरले. कडेची उंची एका जागी पट्टीवर अडीचशे मिलिमीटरच्या वर गेली. सत्तरीच्या माणसासाठी ती पायरी नाही, भिंत आहे. म्हणून तो खाली रस्त्यावरून चालतो, आणि आपण त्यालाच बेशिस्त म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितलं आहे की चालण्यायोग्य फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. निवेदनात हे वाक्य आणि त्याखाली तुमचं टेपवरचं माप, दोन्ही एकत्र द्या.

मग ओलांडणारी माणसं मोजा. पंधरा-पंधरा मिनिटांच्या खेपा, आणि माणसं खरोखर कुठून जातात ते बघा. मी डेअरीच्या पायरीवर सकाळी पावणेसातपासून बसलो होतो. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी, पाठीवर दप्तर, हातात धाकट्या भावाचा हात. अर्धा रस्ता ओलांडून दोघं दुभाजकाच्या फटीत थांबली. ती फट जेमतेम दीड फुटाची. भाऊ पुढे, ती मागे, दोघं आडवी उभी. तिने दप्तर पाठीवरून काढून पोटाशी धरलं, कारण पाठीवर असलं की ते मागच्या बाजूने रस्त्यात यायचं. तिला ते कुणी शिकवलेलं नव्हतं. आमच्या सगळ्या मागणीपत्रात मी शेवटी हीच गोष्ट पहिली लिहिली : दुभाजकात दोन मुलांना दप्तरासकट उभं राहता येईल एवढी जागा हवी.

काय मागायचं

‘गतिरोधक टाका’ ही मागणी सगळ्यात सोपी, आणि ती मंजूरही पटकन होते. रात्रीतून डांबराचा उंचवटा येतो. पट्टे नसतात, फलक नसतो, आणि आठवड्याने त्यावरून दुचाकी उडून दुसराच माणूस पडतो. गतिरोधक मागायचाच असेल तर मापासकट मागा. परिषदेच्या मानकाप्रमाणे तो साधारण ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटिमीटर उंच, सौम्य चढाचा असतो. त्यावरून ताशी पंचवीसने जाता येतं. त्यावर पांढरे पट्टे आणि अलीकडे सूचनाफलक हवा. फूटभर रुंदीचा तो टोकदार प्लास्टिकचा पट्टा मोठ्या रस्त्यासाठी नाहीच.

माझ्या मते चौकात आधी मागायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

कोपरा आवळणं. आपल्याकडे वळणाचे कोपरे इतके ऐसपैस ठेवतात की गाडी वेग न सोडता वळते. कर्बस्टोन, म्हणजे फुटपाथच्या कडेचे दगड, दोन-तीन मीटर पुढे आणून वळण घट्ट केलं की चालकाला ब्रेक लावावाच लागतो, आणि ओलांडायचं अंतरही तेवढंच कमी होतं. अठरा मीटरचा रस्ता बारावर आला तर सेकंदाला एक मीटर चालणाऱ्या आजीची सहा सेकंदं वाचतात.

ओलांडण्याची जागा उंच करणं, म्हणजे झेब्राच फुटपाथच्या पातळीवर आणणं. माणूस खाली उतरत नाही, गाडी वर चढते. शाळेच्या फाटकासमोर यापेक्षा चांगला उपाय मी पाहिलेला नाही.

दुभाजकात थांबण्याची खरी जागा. व्हीलचेअर किंवा बाबागाडी मावेल एवढी, दोन्ही बाजूंना मजबूत बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे ठेंगणे खांब, असलेली. माणसं जिथून जातात तिथेच ती हवी. फट बंद करून लोखंडी जाळी ठोकली तर लोक जाळीवरून चढतात. पादचारी पूल तर अजिबात मागू नका. दोन-दोन जिने चढून रस्ता ओलांडायला म्हातारी माणसं तयार नसतात, आणि पुलाच्या पायांनी फुटपाथ खाल्ला जातो तो वेगळाच.

कोपरे मोकळे ठेवणं. झेब्राच्या तोंडाशी टेम्पो उभा असेल तर चालकाला माणूस आणि माणसाला गाडी दिसतच नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात होबोकेन नावाचं लहानसं, दाट वस्तीचं शहर आहे. त्यांनी एकेका चौकाचे कोपरे खुंट्या, कुंड्या आणि सायकल स्टँड लावून मोकळे करत नेले. जानेवारी २०१७ नंतर तिथे कित्येक वर्षं रस्त्यावर एकही माणूस मेला नाही. आपल्याकडे याला एका दिवसाचं काम आणि थोड्या खुंट्या लागतील.

आणि उजेड. तोही झेब्रावर पडणारा, झाडाच्या शेंड्यात अडकलेला नाही.

अभियंते कायमचं बांधकाम करायला कचरतात, ते समजण्यासारखं आहे. म्हणून आधी चाचणी मागा. शंकू, रंग आणि पाण्याने भरलेले प्लास्टिकचे बॅरिकेड लावून दोन आठवडे कोपरा आवळून बघायचा. खर्च किरकोळ, चुकलं तर उचलून ठेवता येतं. लोकांनाही डोळ्यांनी दिसतं की कोंडी वाढत नाही. आणि रचना बदलून जीव वाचतात, हे महाराष्ट्रात दिसून आलेलं आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ पासून अपघातांच्या जागा एकेक करून शोधून दुरुस्त करत गेले, आणि मृत्यूंचा आकडा निम्म्याच्या खाली आला. तिथले चालकही आपल्यासारखेच आहेत.

कुणाच्या दारात जायचं

आधी रस्ता कुणाचा ते काढा. आतला डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता महापालिकेचा असतो, पण शहरातून जाणारा एखादा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा निघतो, आणि सेवा रस्ता तिसऱ्याचाच. क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याला विचारलं की कळतं. आमच्याकडे जे समजलं ते असं : फुटपाथ, दुभाजक, पट्टे ही कामं पथ विभागाची. दिवे विद्युत विभागाचे. सिग्नल महापालिका बसवते, त्याची वेळ वाहतूक पोलीस ठरवतात. नो पार्किंग, एकेरी वाहतूक, वेगमर्यादा यांचा आदेश वाहतूक शाखेच्या उपायुक्तांचा. बसथांबा परिवहन मंडळाचा. फुटपाथवरची डीपी वीज कंपनीची. एका चौकाला सहा मालक, आणि प्रत्येकाने एकेकदा आम्हाला दुसऱ्याकडे पाठवलं.

त्यातून सुटका झाली ती ‘संयुक्त पाहणी’ या दोन शब्दांनी. निवेदनात बाकी काही मागू नका. फक्त लिहा की अमुक जागी पथ विभाग, विद्युत विभाग, वाहतूक शाखा आणि परिवहन मंडळ यांची संयुक्त पाहणी ठेवावी. नगरसेवकाच्या पत्राने ती लवकर लागते. पाहणी सकाळी शाळेच्या वेळेला मागा, दुपारी दोनला चौक साधुसंतासारखा शांत असतो. सोबत तुमचा ठिपक्यांचा कागद, वेगाचा तक्ता आणि मापं यांच्या प्रती प्रत्येकाला द्या. एका साहेबांना आम्ही नम्रपणे म्हटलं, ‘सर, फक्त एकदा त्या फटीत उभं राहून बघा.’ ते राहिले. पीएमटीची बस अंगावरून गेल्यासारखी गेली. त्यानंतर जागा रुंद करावी की नाही, यावर चर्चा झाली नाही.

पाहणी संपताच जागेवरच ठरलेल्या गोष्टी लिहा, कुणी काय करायचं आणि कधीपर्यंत, आणि त्याच दिवशी ईमेलने सगळ्यांना पाठवा. तोंडी आश्वासन देणाऱ्याची बदली होते. प्रत्येक निवेदनाच्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासह. आवक क्रमांक नसलेलं निवेदन दिलं नाही असंच समजा. दाद लागली नाही तर ‘आपले सरकार’ या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर तक्रार, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन, जिथे अधिकारी तक्रारी समोरासमोर ऐकतात. पुण्यात असाल तर महापालिकेचं २०१६ चं पादचारी धोरण काढून त्यातल्या तरतुदी निवेदनाला जोडा. जंगली महाराज रस्त्याचे रुंद केलेले फुटपाथ दाखवा. आपल्याच शहराने जे करून दाखवलं आहे ते आपल्या गल्लीला का नाही, या प्रश्नाला उत्तर देणं अवघड जातं.

पैसा आणि वेळ

आयुक्त अंदाजपत्रकाचा मसुदा साधारण जानेवारीच्या आसपास स्थायी समितीपुढे ठेवतात. तुमची मागणी त्याआधी, दिवाळीच्या सुमाराला, क्षेत्रीय कार्यालयात असायला हवी. एप्रिलमध्ये गेलात तर ‘तरतूद नाही’ हे खरंच असतं. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात. फुटपाथ, बोलार्ड, दिवे अशी लहान कामं त्यात बसतात. सूचना मागवल्या की त्याच आठवड्यात अर्ज भरा, आणि दहा शेजाऱ्यांकडून त्याच कामाचे दहा अर्ज भरून घ्या.

काम मंजूर झालं की नकाशा आणि एस्टिमेट मागून घ्या. फाईल दाखवायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अभिलेख पाहणी मागा. नकाशात कर्बची उंची आणि उतार काय दिले आहेत ते बघा. प्रत्यक्ष काम चालू असताना टेप घेऊन रोज एक चक्कर मारा. सिमेंट सुकल्यावर काही बदलत नाही. दोष दायित्वाचा कालावधी किती आहे तेही लिहून ठेवा. त्या काळात फरशी खचली तर ठेकेदाराने पदरच्या पैशाने दुरुस्त करायची असते, पण तसं कुणीतरी कळवावं लागतं.

घरचा विरोध

सगळ्यात अवघड बोलणं आपल्याच माणसांशी होतं. ‘पार्किंग गेलं तर धंदा बसेल’ ही दुकानदारांची भीती खोटी नसते, त्यांचं पोट त्यावर आहे. वाद घालू नका, मोजा. एका संध्याकाळी दुकानदारालाच सोबत घेऊन येणारं गिऱ्हाईक कसं आलं ते लिहा, पायी, दुचाकीवर की मोटारीने. आमच्या किराणावाल्या भाऊंना स्वतःलाच आश्चर्य वाटलं, मोटारीतून आलेली मोजकीच होती. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ पासून लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो, तो भर बाजारपेठेत होतो, हेही सांगा.

फेरीवाल्यांना शत्रू करू नका. २०१४ च्या कायद्याने त्यांना जागेचा हक्क आहे. शिवाय रात्री साडेनऊला ज्या कोपऱ्यावर भाजीची गाडी आणि दिवा असतो, तिथे बाईमाणूस निर्धास्त चालतं. चालण्याची १.८ मीटर पट्टी मोकळी ठेवून गाड्या कशा बसतील, हे त्यांच्याशी बसून आखा. आणि फुटपाथवरच्या दुचाक्या कुणाच्या आहेत तेही बघा. आमच्या तेवीसपैकी एकोणीस आमच्याच सोसायटीच्या निघाल्या. अतिक्रमण विभागाला बोलावण्याआधी आम्ही त्या आत घेतल्या. त्यानंतर आमच्या शब्दाला वजन आलं.

काम झाल्यावर

त्याच पन्नास मीटरवर, त्याच वेळी, पुन्हा शंभर गाड्या मोजा. आकडा उतरला नसेल तर काम दिसायला झालं आहे, उपयोगाला नाही, आणि ते तितक्याच स्पष्टपणे पथ विभागाला लिहा. आमच्याकडे दुभाजकाची जागा रुंद झाली, एक कोपरा आवळला, दिवा ओलांडायच्या जागेवर आला. दुसऱ्या कोपऱ्याचं काम अजून अडलेलं आहे, तिथे भूमिगत वाहिनीचं चेंबर आड येतं. त्याचं पत्र गेल्या महिन्यात दिलं, आवक क्रमांक वहीत आहे.

पट्ट्यांचा रंग पावसाळ्यात झिजतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात फोटो काढून पुन्हा रंगवून घ्यायचे, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि वर्ष झालं की पोलीस ठाण्यात तोच दहा रुपयांचा अर्ज, तेच दीडशे शब्द, फक्त तारखा नव्या. उत्तर आलं की कागद पसरायचा आणि त्या दोन जागी नवा ठिपका पडलाय का, ते बघायचं.